चालण्याला हवी ताकदीची जोड

सकाळी साडेपाचला गावातल्या शाळेच्या मैदानावर गेलात तर आता बायकांचे घोळके दिसतात. साडीवर कॅनव्हासचे बूट, डोक्याला स्कार्फ आणि गप्पा मारत पाच-सहा चकरा. लोक काय म्हणतील, ही भीती मागे टाकून या बायका घराबाहेर पडल्या, याचं कौतुक करायलाच हवं. पण त्यांच्यातल्याच कितीतरी जणी चार महिन्यांनी म्हणतात, 'चालते हो रोज, पण जिना चढताना धाप लागतेच आणि खाली बसलं की उठवत नाही.'

असं का होतं? एकाच संथ गतीनं चालण्याची शरीराला सवय होते. मग त्यातून नवीन दम येत नाही. आणि नुसत्या चालण्यानं हात, खांदे, पाठ यांना तर कामच मिळत नाही. तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू घटू लागतात. पाळी थांबली की हाडांची झीजही वेगानं होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली दिलेल्या सूचनांत आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहेच, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे व्यायामही सांगितले आहेत. हा दुसरा भाग आपल्यापर्यंत पोचलाच नाही. ताकद म्हणजे पुरुषांचं, तालमीतलं काम, असं आपण धरून चालतो.

'दिवसभर घरकाम करतो, तो व्यायाम नाही का?' हा प्रश्न रास्त आहे. घरकामात श्रम आहेतच. पण ओट्याशी तासन् तास उभं राहून पाय दुखतात, ताकद वाढत नाही. ताकद वाढायची तर स्नायूंवरचा भार थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो आणि मध्ये विश्रांतीही द्यावी लागते. घरकामात यातलं काहीच आपल्या हाती नसतं.

सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड, अर्धा तास पुरे. पहिली पाच मिनिटं साधं चाला. मग दहा मिनिटं ताकदीची. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून दहा जोर काढा. ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला. पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या आणि कोपरातून वाकवत दहा वेळा खांद्यापर्यंत न्या. मध्ये दम घेत हे सगळं दोनदा करा. श्वास मात्र रोखू नका. सोपं वाटू लागलं की आकडा वाढवा.

त्यानंतर बारा मिनिटं इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून चालणं. एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. झपाझप चालताना दोन-चार शब्द बोलता यावेत, पण गप्पा मारता येऊ नयेत, एवढा वेग बरोबर. शेवटची तीन मिनिटं हळू चालून थांबा. दम वाढला की जलद चालण्याचा वेळ वाढवत न्या. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वयस्क माणसांना तीन मिनिटं जलद, तीन मिनिटं सावकाश, असं पाच महिने चालायला लावलं. 2007 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, एका गतीनं चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम अधिक वाढला, रक्तदाबही जास्त उतरला. यासाठी ना जिमची फी लागली, ना यंत्रं.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय सोडा. मोडाची मटकी, हरभरे, दही, चालत असेल तर अंडं, यातलं काहीतरी रोज तुमच्याही ताटात हवं. स्नायू त्यावरच बनतात.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि खरी अडचण तीच आहे. 2022 साली देशातल्या जवळपास 57 टक्के बायका पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हत्या, असं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासातून पुढे आलं. पुरुषांचं प्रमाण होतं 42 टक्के. याला बायकांचा आळस म्हणून मोकळं होता येणार नाही. सकाळचा चहा, डबे, नळाचं पाणी हे सगळं एकटीच्या गळ्यात असेल, तर तिनं अर्धा तास आणायचा कुठून? तेव्हा घरात स्पष्ट सांगा, आठवड्यातले तीन दिवस सकाळचा चहा दुसरं कुणीतरी करेल. सासूबाईंनाही खुर्चीवरच्या उठबशीला सोबत घ्या. म्हातारपणी कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठता येणं ही मोठी गोष्ट आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.