कळंबचे पाणी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कळंब आहे. तिथला चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरून जावे लागते. देवळातल्या कुंडाचे पाणी दर बारा वर्षांनी चढते आणि मूर्तीच्या पायांना लागून ओसरते, अशी श्रद्धा आहे. बारा वर्षे! आपण मात्र निकालाच्या संध्याकाळीच शेजारच्या मुलाचे गुण मोजतो. (पेढे त्यांचे, तोंड कडू आपले!) एकाच मृगावर पेरलेली पऱ्हाटी दिवाळीला फुटते, तिच्या ओळींमधली तूर तेव्हा जेमतेम फुलावर असते. तिला कोणी शेतकरी नापास करीत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याची बी. ए. तिसऱ्यांदा राहिली. त्याची आई दर चतुर्थीला कळंबला जाते. परवा म्हणाली, “सर, मागणं याचंच घातलं. शेजारच्याचे गुण देवाला कशाला सांगू?”