हक्कांचा नकाशा, भाषेचा नकाशा

एखादा चित्रपट आंतरजालावर शोधावा, तो सापडावा आणि पडद्यावर ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ एवढेच उमटावे, हा अनुभव आता कोणालाच नवा नाही. अशा वेळी पुष्कळ जण व्हीपीएनचा आडमार्ग धरतात. तो मार्ग चोरीचा की हक्काचा, असा वाद मग रंगतो. मराठीचे अध्यापक या नात्याने आम्हांला तो वाद अपुरा वाटतो.

हे कुंपण उभे राहते ते करारातून. चित्रपटाचे प्रदर्शनहक्क देशवार विकले जातात. चित्रपट दाखवणारी सेवा आयपी पत्त्यावरून प्रेक्षकाचा देश ओळखते. व्हीपीएन जोडणी परदेशातील सर्व्हरमार्गे नेते, म्हणून सेवेला प्रेक्षक तेथलाच वाटतो. डीव्हीडीच्या काळातही जगाचे असेच विभाग होते : अमेरिका पहिल्यात, पश्चिम युरोप दुसऱ्यात, भारत पाचव्यात. तंत्र बदलले, वाटणी तीच राहिली.

भाषेचा नकाशा मात्र या वाटणीत बसत नाही. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे किंवा इस्रायलमधील बेने इस्रायली समाज यांच्यासाठी मराठी चित्रपटाचे हक्क स्वतंत्रपणे विकत घेणे कोणाला परवडणार? उलट बाजूने, शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आणि कुरोसावाचा 1957 मधील ‘थ्रोन ऑफ ब्लड’ ही ‘मॅक्बेथ’ची दोन रूपे वर्गात शेजारी ठेवायची, तर जपानी चित्रपट येथे दिसला पाहिजे. तो दिसावा की नाही, हे ज्या व्यवहारात ठरते त्यात आमचा वर्ग कोठेच नसतो.

कायदा येथे कुलपापेक्षा समंजस आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 शिक्षणसंस्थेच्या कामकाजात, विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखवण्यास मुभा देते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65-अ तांत्रिक कुलूप तोडणे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरवते. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. कायदा हेतू विचारतो. कुलूप फक्त ठिकाण पाहते.

म्हणून व्हीपीएन हाच उपाय, असे आम्ही म्हणणार नाही. सेवेच्या अटी त्याला बहुधा मनाई करतात. 2022 च्या एप्रिलमध्ये ‘सर्ट-इन’ने ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला, तेव्हा काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. शिवाय ज्याला पैसे आणि तंत्र दोन्ही साधते त्यालाच ही वाट उघडते. ज्या विद्यार्थ्याला ते साधत नाही, त्याच्यासाठी अभ्यासक्रमातील ती कलाकृती केवळ नाव उरते. अभ्यासक्रम चोरवाटेवर उभा राहू शकत नाही.

तथापि चोरवाटेवर गर्दी का झाली, हे विचारायला हवे. 1952 नंतर, डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. श्रोता परत आला तो घरचे दार उघडले म्हणून. युरोपीय संघानेही 1 एप्रिल 2018 पासून, संघातील दुसऱ्या देशात तात्पुरत्या गेलेल्या वर्गणीदाराला मायदेशातील सशुल्क सेवा तेथेही मिळाली पाहिजे, असा नियम लागू केला. वाटणी करारातून आली असली, तरी ती सैल करता येते, हे यावरून दिसते.

आमची मागणी साधी आहे. चित्रपट अभ्यासक्रमात नेमताना विद्यापीठाने त्याची वैध प्रत महाविद्यालयांच्या ग्रंथालयांपर्यंत पोहोचेल, एवढे पाहावे. मराठी निर्मात्यांनी हक्क विकताना जगभरच्या शैक्षणिक वापराची तरतूद करारात राखून ठेवावी.

आम्ही हे वारणानगरातून लिहितो, यालाही अर्थ आहे. 1998 साली वारणा परिसरातील 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प येथे हाती घेतला गेला. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्याचा एक हेतू होता. माणूस कोठे राहतो यावरून त्याला काय कळावे हे ठरू नये, ही त्यामागची समजूत आम्ही मानतो. आज तार गावात पोहोचली आहे, आणि गावाचा पत्ताच अडसर ठरतो आहे. तो अडसर चुकवण्याची युक्ती विद्यार्थ्यांना अवगत आहे. तो दूर करण्याचे काम मात्र त्यांच्यावर सोडता येणार नाही.