कोंबडी पिसं टाकते तेव्हा अंडं कुणाच्या ताटातून जातं?

दरवर्षी पाऊस सरला की आमच्या वस्तीतल्या दोन-चार बाया माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. "सिस्टर, कोंबडी सगळी पिसं टाकतेय. पंधरा दिवस झाले, एक अंडं नाही. एखादी गोळी सांगा ना."

मी माणसांची नर्स. पण वस्तीत डॉक्टर लांब आणि सिस्टर जवळ, म्हणून कोंबडीचंही मलाच विचारतात. गेल्या वर्षी एका ताईने तर विचारलंही नाही. घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून तिने कोंबडीच्या पाण्यात टाकली. शेजारच्या घरातल्या सासूबाईंचं म्हणणं, कोंबडीला नजर लागली. कुणाची, तर समोरच्या एकट्या राहणाऱ्या बाईची. आणखी एका घरात कोंबडी सरळ कापलीच. "बसून खाते, ठेवून काय करायचं?"

माझं म्हणणं असं, की या तिन्ही घरांत कोंबडीला कसलाच आजार नव्हता. ती जुनी पिसं टाकून नवी घालत होती.

साधारण दीड वर्षाची झाली की कोंबडी वर्षातून एकदा पिसं बदलते. बहुतेक वेळा हे दिवस लहान होऊ लागल्यावर घडतं. आपल्याकडे २१ जूनच्या दिवसापेक्षा २२ डिसेंबरचा दिवस दोन तासांहून जास्त लहान असतो. उजेड कमी झाला की कोंबडीच्या शरीराला अंडं थांबवण्याचा इशारा मिळतो. आधी डोक्या-मानेची पिसं गळतात, मग छाती-पाठीची, शेवटी पंख-शेपटीची. तुरा आक्रसतो, फिका पडतो. सगळं मिळून दोन ते तीन महिने लागतात, काही कोंबड्यांना थोडे जास्त.

अंडं का थांबतं? पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. एका अंड्यातही सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं जातात. आपल्या वस्तीतली कोंबडी खाते काय? शिळा भात, भाकरीचा चुरा, उकिरड्यावर सापडेल ते. त्यातून अंगभर नवी पिसंही व्हायची आणि रोज अंडंही यायचं, हे जमत नाही. शरीर एक काम थांबवून दुसरं करतं. बाळंतीण आणि अंगावर पाजणारी बाई यांच्याबाबत आपण हे रोज बघतो. तरी तिलाही कुणी ना कुणी "बसून खाते" म्हणतंच.

ही कोंबडी खुडूक कोंबडीपेक्षा वेगळी. खुडूक झालेली खुराड्यात बसून राहते, हात लावला की फुगते, चोच मारते. पिसं टाकणारी हिंडते-फिरते, फक्त जरा मलूल आणि विद्रूप दिसते. आजारी कोंबडी तिसरीच. हिरवी हगवण, मान वाकडी होणं, धाप लागणं ही मानमोडीची लक्षणं आहेत. अचानक एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या तर तो बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला, तो आला होता. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, ती कापून खाऊ नका, लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा. आणखी एक लक्षात ठेवा. एखादा दिवस पाणी मिळालं नाही, कुत्रं मागे लागलं, खुराडं हलवलं, तरी कोंबडी भर उन्हाळ्यातही पिसं टाकते. तेव्हा नजर शोधण्याआधी पाण्याचं भांडं बघा. समोरच्या बाईच्या नजरेने कुणाच्या कोंबडीचं पीस गळत नाही. पण आपल्या बोलण्याने त्या बाईचं वस्तीत राहणं अवघड होतं.

गोळीचं तर मी हात जोडून सांगते, देऊ नका. पिसं गळणं हा जंतूंचा आजार नाही, म्हणून अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. उलट, पुढे अंडी आली की औषधाचा अंश त्यात उतरतो आणि तेच अंडं आपण लेकराला देतो. असं अर्धवट औषध पोटात जात राहिलं की जंतू त्या औषधाला सरावतात. मग लेकरू खरंच आजारी पडतं तेव्हा औषध लागू पडत नाही. वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

कोंबडीला हवं ते सोपं आहे. सुकटीचा चुरा, बोंबलाची डोकी, तुरीची चुणी, वाळवी, शेंगदाण्याची पेंड. पेंड बुरशी लागलेली नको. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून टाका. ताजं पाणी दिवसभर ठेवा. नवी पिसं फुटताना कोंबातून रक्त वाहत असतं, हात लागला की तिला दुखतं, म्हणून पोरांना तिला धरू देऊ नका. गळालेली पिसं झाडताना आधी पाणी शिंपडा, नाकाला पदर लावा, मग हात साबणाने धुवा. दमा असलेलं माणूस घरात असेल तर खुराडं झोपायच्या खोलीत नकोच. पिसं भरून आली की कोंबडी पुन्हा घालू लागते. पहिल्या वर्षाइतकी अंडी मिळत नाहीत, पण अंडं आकाराने मोठं आणि टरफल पक्कं असतं.

आता माझा खरा मुद्दा. कोंबडी थांबली की घरातली अंडी कमी होतात. मग विकत आणलेली दोन अंडी कुणाच्या ताटात जातात? कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या, नंतर मुलाच्या. "तू उद्या खा" हे पोरीला सांगितलं जातं आणि आई तर मोजणीतच नसते. मी तपासलेल्या कितीतरी पोरींच्या डोळ्यांच्या आतली कड पांढरी फटक असते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. ते पुन्हा सुरू करा, ही मागणी आपण करत राहूच. पण तोवर बऱ्याच पोरींसाठी घरच्या कोंबडीचं अंडं हेच हक्काचं अंडं आहे. तेही तीन महिने बंद राहणार, हे आधीच माहीत असताना आपण गप्प का बसावं?

काही घरांत अंडी विकून बाईच्या हातात चार पैसे येतात, हे मला कळतं. म्हणूनच सांगते, घालत्या महिन्यांत त्यातले थोडे बाजूला ठेवा. अंडं नसेल तर मूठभर शेंगदाण्यांतूनही सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून तितकीच. आठवड्यातून दोनदा सुकट करा. अंडी विकत आणलीत तर घरात जेवढी माणसं तेवढी मोजून आणा, नाहीतर फोडून भुर्जी करा आणि सगळ्यांना सारखी वाढा.

यंदा कोंबडीचं पहिलं पीस अंगणात दिसेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. तिथून पुढचे तीन महिने मोजा. कोंबडीच्या भांड्यात चुणी आणि पोरीच्या ताटात शेंगदाणे, दोन्ही त्याच दिवसापासून सुरू झाले पाहिजेत.