इंचाच्या भावाने चित्र मोजू नका

चित्राची किंमत चौरस इंचावर ठरवायची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मोठ्या कॅनव्हासला ती चालत असेल. मी मात्र शाई आणि जलरंगात अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रं करते, आणि त्यांना हा हिशेब लावणं मला साफ अमान्य आहे. कागद लहान झाला म्हणून काम लहान होत नाही.

वाईजवळचा मेणवलीचा घाट घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणाऱ्या त्या पायऱ्या. मोठ्या कागदावर ब्रशच्या एका फटकाऱ्यात पायरी उभी राहते. माझ्या कागदावर ती जेमतेम मिलिमीटरभर. रेघ ०.०५ च्या पेनाची, आणि दोन रेघांमध्ये कोरा कागद राखायचा, कारण पायरीवरचं ऊन म्हणजे तो कोरा कागदच. वरून पांढरा रंग लावून तो उजेड येत नाही. शाईही पाहून घ्यावी लागते. काजळी आणि लाखेची इंडियन इंक पूर्ण वाळली की वरून पाणी फिरवलं तरी हलत नाही. फाउंटन पेनची साधी शाई फुटते आणि अख्खा घाट तिच्यात वाहून जातो.

कागदाचं दुखणं वेगळंच. खरबरीत कागदाचा दाणा मोठ्या चित्रात शोभतो, इथे एकेक दाणा खिडकीएवढा दिसतो. म्हणून गुळगुळीत हॉट प्रेस, ३०० जीएसएमचा. त्यावर रंगाच्या कडा पटकन धरतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा काळपट करडा कातळासाठी मला फार आवडतो. पण एप्रिलच्या दुपारी तो पसरायच्या आत सुकतो आणि जुलैत सुकता सुकत नाही.

अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रकार्डं झ्युरिकच्या वांची स्टिर्नेमान या कलाकाराने १९९७ साली सुरू केली, तीही विकायला नव्हे, एकमेकांत बदलायला. आपली परंपरा तर कितीतरी जुनी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली पहाडी लघुचित्रं पाहा. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली, अकीकाने घोटलेली, हातात धरून पाहायची चित्रं. त्यांचं मोल कोणी फूटपट्टीने करत नाही.

लहान चित्र मोठ्यापेक्षा स्वस्तच असावं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही छापील प्रतीऐवजी मूळ चित्र घेता यावं, असं मला मनापासून वाटतं. पण स्वस्त म्हणजे किती, हे कागदाच्या क्षेत्रफळाने ठरू नये. मी लागलेले तास आणि सामान धरते, आणि विचारणाऱ्याला तो हिशेब दाखवते. कलादालनांनीही चित्रकाराकडून इंचाचा दर मागणं थांबवावं. आणि लहान चित्रं मोठ्या कॅनव्हासांमधल्या उरलेल्या भिंतीवर न टांगता त्यांना एक टेबल द्यावं, चांगला उजेड, भिंग आणि बसायला खुर्ची.