राखणदारावर बंदूक?



ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर चढून पाखरं हाकतो. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचं जनावर अशीच राखण करतं. आपल्या मुंगसाच्या कुळातलं, वजन पाऊण किलोच्या आसपास. कळप माती उकरून अळ्या, किडे, विंचू खातो तेव्हा एकजण उंचावर दोन पायांवर उभा. आभाळातून शिकारी पक्षी आला तर एक आवाज, जमिनीवरून कोल्हा आला तर दुसरा.

पिल्लांना शिकवणं बघा. आधी मेलेला विंचू, मग नांगी काढलेला, शेवटी जिता. नुसते आईबाप नाही, कळपातले थोरले सगळेच शिकवतात. शास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोग करून दाखवलं.

दक्षिण आफ्रिकेत, नामिबियात पैसे मोजून शिकारीच्या सफारीला जाता येतं. रानडुकरानं मका लोळवला की माझंही डोकं फिरतं, म्हणून शेतकऱ्याचा राग मी समजू शकतो. पण किडे-विंचू खाणाऱ्या मीरकॅटवर हौसेनं बंदूक धरणं मला पटत नाही. उभा राखणदार टिपण्यात कसली मर्दुमकी? त्यात कळपाचा पहारेकरी जातो आन् पिल्लांचा मास्तरही.

आपणही फार शहाणे नाही. रंगाच्या ब्रशाच्या केसांसाठी इथं मुंगसं मारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. उंदीर खाणारा हा बिनपगारी गडी आहे. बांधावर फासा दिसला तर गप बसू नका, वनखात्याला कळवा.