बारावा भाग कधी?
‘ड्रॅगन क्वेस्ट’चे अमेरिकी चाहते म्हणजे चिवट जमात. जपानमध्ये १९८६ साली आलेला हा व्हिडिओ गेम अमेरिकेत १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावानं उतरला आणि पडून राहिला. शेवटी निन्टेंडोनं आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना तो फुकट वाटला. त्या फुकटच्या कार्ट्रिजवरच तिथली पहिली चाहतेमंडळी पोसली गेली. १९९२ चा पाचवा भाग त्यांच्या हाती पडला थेट २००९ मध्ये. त्यामुळे वाट पाहण्याचं त्यांना नवल नाही. धास्ती वेगळीच आहे. मे २०२१ मध्ये बाराव्या भागाची घोषणा झाली, त्याच वर्षी संगीतकार कोइची सुगियामा गेले, २०२४ मध्ये चित्रकार अकिरा तोरियामाही. मूळ त्रिकुटातले उरले ते खेळ रचणारे युजी होरी. त्यांनी लढाईची पद्धत बदलण्याचं सूतोवाच केलं आणि चाहत्यांच्या मनात पाल चुकचुकली. नेहमीची लढाई अशी: समोर थेंबाच्या आकाराचा निळा, हसरा राक्षस, स्लाइम. आपण यादीतून निवडायचं, वार की मंत्र, घाई कसलीच नाही. हेच गेलं तर राहिलं काय? पण २०२४ मध्ये तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती हीच जुनी चाल ठेवून आली आणि धडाक्यात खपली. होरीसाहेब, चित्रं हवी तेवढी झळाळू द्या. विचार करायला दिलेली सवड तेवढी काढून घेऊ नका.