पेढीची नोंदणी आणि पक्षकाराचा भरवसा

सक्करदरा चौकातून उमरेड मार्गाने दिघोरीकडे जाताना दुतर्फा ज्या वस्त्या लागतात, तेथील पुष्कळ कुटुंबांनी आयुष्यात एकदाच भूखंड घेतला आणि त्यात सारी शिल्लक ओतली. '५७२' आणि '१९००' या आकड्यांचा अर्थ नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. अनधिकृत अभिन्यासांच्या या याद्या, २००१ चा गुंठेवारी कायदा, सुधार प्रन्यासाचे नियमितीकरण या जंजाळातून वाट काढताना सामान्य गृहस्थ एका कागदावर विसंबतो, तो म्हणजे वकिलाचा शोध-अहवाल. जुने व्यवहार तपासून 'मालकी निर्वेध आहे' असे त्यात लिहिलेले असते. बँकही कर्ज देताना तोच कागद मागते.

हा कागद चुकला तर भरपाई कोण देणार? वकील एकटा असेल तर उत्तर सोपे आहे. अहवाल पेढीच्या नावाने असेल आणि ती पेढी मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी असेल, तर मात्र उत्तर अवघड होते.

२००८ चा एलएलपी कायदा ३१ मार्च २००९ पासून लागू झाला. किमान दोन भागीदार, दोन पदनिर्देशित भागीदार व त्यांपैकी एक भारतनिवासी, कंपनी निबंधकाकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब व विवरणपत्र एवढ्या अटी पुरेशा होतात. भांडवल किमान किती असावे, याचे बंधन नाही. स्वतःच्या चुकीची जबाबदारी भागीदाराला टळत नाही. सहकाऱ्याच्या चुकीसाठी मात्र त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. यात अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. नव्या सनदेच्या तरुण वकिलाने ज्येष्ठाच्या हलगर्जीपणापायी देशोधडीला का लागावे?

अडचण वेगळीच आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सनद मिळते ती व्यक्तीला. राज्य वकील परिषदेच्या पटावर पेढीचे नाव नसते. शिस्तभंगाची कारवाई होते तीही व्यक्तीवर. त्यात सनद निलंबित वा रद्द होते, पण पक्षकाराचा पैसा परत येत नाही. ग्राहक मंचाची वाट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बंद केली. उरला दिवाणी दावा, आणि तो किती वर्षे चालतो हे सर्वश्रुत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये परदेशी विधी-संस्थांविषयी दिलेला निकाल येथे आठवावा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवर या संस्थांनी संपर्क कार्यालये थाटली होती. न्यायालयात उभे न राहता दिलेला सल्ला हीसुद्धा वकिलीच आणि ती अधिवक्ता कायद्याच्या कक्षेतच येते, असे न्यायालयाने ठरविले. तोच न्याय स्वदेशी पेढीला लावला, तर कंपनी निबंधकाचे प्रमाणपत्र पुरेसे कसे ठरावे? निबंधक हिशेब पाहतो, विद्या आणि सचोटी पाहणे हे त्याचे काम नव्हे. गंमत अशी की २०२३ च्या नियमांनी परदेशी पेढीला भारतीय विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी सक्तीची केली. देशी पेढीला मात्र तशी सक्ती नाही.

मर्यादित दायित्वाची कल्पना आपण ज्यांच्याकडून घेतली त्या इंग्लंडमध्ये अशा पेढीला वकिलांच्या नियामकाची अनुमती लागते आणि विमाही सक्तीचा असतो. साध्या भागीदारीसाठी किमान २० लाख पौंडांचे संरक्षण पुरते, मर्यादित दायित्वाच्या पेढीला ३० लाखांचे घ्यावे लागते. भागीदाराची जबाबदारी जेथे आखडली, तेथे विमा वाढविला. आपण सवलत उचलली आणि तिची किंमत तेवढी विसरलो.

महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेने पेढ्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि त्यासाठी लागणारा अधिकार कायद्यात दुरुस्ती करून तिला द्यावा. एलएलपी पेढीला विमा अनिवार्य करावा. छोट्या पेढीला हप्ता जड जाईल हे खरे, म्हणून परिषदेने सामूहिक विमा उतरविणे सोयीचे. आणि प्रत्येक शोध-अहवालाच्या तळाशी, ज्याने तो तपासला त्या वकिलाचे नाव, त्याचा सनद क्रमांक व पेढीच्या विम्याची रक्कम वाचता येईल अशा अक्षरांत छापलेली असावी.